विषय: राजारामपुरीतल्या घरी नवे सॉकेट बसवल्यावर स्टिरिओचा आवाज बिघडला

मंडळी, नमस्कार.

कोल्हापूरच्या घरी हॉलमधले जुने दोन पिनी सॉकेट काढून मॉड्युलर प्लेट बसवली आहे. तिच्यात ६ अँपिअरचे दोन सॉकेट, १६ अँपिअरचा एक, एक यूएसबी चार्जिंगचा आणि पंख्याचा रेग्युलेटर. तेव्हापासून स्टिरिओच्या दोन तक्रारी आहेत. गाणं बंद असतानाही स्पीकरमधून खालच्या पट्टीत घूंऽऽ येत राहतं. आणि गाणं लावलं की डग्गा पोकळ वाजतो, गाणाऱ्याचा आवाज मधोमध बसत नाही. अँप्लिफायर तीन पिनी आहे, आधी अ‍ॅडॉप्टर लावून जुन्या सॉकेटमध्ये होता. टीव्ही आणि केबलचा सेट टॉप बॉक्स समोरच्या भिंतीवर, तिथून आरसीए वायरने (लाल-पांढऱ्या पिनांची ऑडिओ वायर) अँप्लिफायरला जोडलाय. वायरमन म्हणतो, "करंट येतोय न्हवं, मग झालं की." दुकानदार पॉवर कंडिशनर (वीज गाळून देणारा डबा) घ्या म्हणतोय. आईबाबांच्या मदतीला शेजारचा मुलगा मल्टिमीटर घेऊन येईल. फोनवरून काय काय बघायला सांगू?

उत्तर १

ताई, कंडिशनर नको. तक्रारी दोन आहेत आणि त्यांची मुळंही बहुधा दोन निघतील.

आधी सॉकेट, कारण इथे प्रश्न आईबाबांच्या सुरक्षिततेचा आहे. मीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवायचा, २०० वर नाही. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज (वीज येते ती वायर), डावीकडे न्यूट्रल (परत जाते ती). फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास हवं. २०७ ते २५३ चालतं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्येच २३० दिसले तर फेज-न्यूट्रल उलटे जोडलेत: बटण बंद केलं तरी आत फेज शिल्लक राहतो.

मग त्याच प्लेटवर १००० वॅटची इस्त्री लावून फेज-न्यूट्रल पुन्हा मोजा. इस्त्री साडेचार अँपिअरच्या आत ओढते. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन तिच्यात साधारण एकच व्होल्ट पडतो. इथे आठ-दहा पडले आणि शेजारच्या खोलीतल्या सॉकेटवर तसं दिसलं नाही, तर मागचा एखादा स्क्रू ढिला आहे. ढिल्या न्यूट्रलने आवाजात चर्र येतं, प्लेट गरम होते, पुढे जळते. घरात थ्री फेज असेल आणि दिवे कुठे भगभगीत, कुठे मंद होत असतील, तर मोजत बसू नका, मेन बंद करा. मेन न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर ३०० व्होल्टच्या वर जातं.

आता डग्गा. याचा सॉकेटशी संबंध नसावा. प्लेट बसवताना कपाट सरकवलं असणार आणि स्पीकरच्या वायरी काढून परत लावल्या असणार. एका स्पीकरचं लाल-काळं उलटं झालं की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज एकमेकांना मारतो, मधला आवाज विरतो. अँप्लिफायर बंद करून वायरींची त्याच्याकडची टोकं सोडवा आणि पेन्सिल सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लालला, उणे काळ्याला, अर्धा सेकंदच टेकवा. दोन्ही शंकू एकाच बाजूला हलायला हवेत. वायरीवर रेघ असलेली बाजू कुठली, ते दोन्ही टोकांना नीट बघा. घोळ तिथेच होतो.

उत्तर २

वर उत्तर देणाऱ्या काकांच्या मोजमापात दोन गोष्टींची भर. अर्थची वायर मागे नुसती लोंबकळत असली तरी डिजिटल मीटर फेज-अर्थमध्ये ४०-१०० व्होल्ट दाखवू शकतो. तो खरा दाब नव्हे. खात्री करायची तर वायरमननेच फेज आणि अर्थमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून बघावा. पूर्ण उजेड पडला तर अर्थ खरा. आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल, आणि पडायलाच हवा. दुसरं, न्यूट्रल आणि अर्थ आपसात बदलले असतील तर काही उपकरण न लावता मोजलं तर मीटर ते सांगत नाही; प्लेट उघडून हिरवी वायर वरच्या पिनेलाच आहे ना, हे डोळ्यांनी बघावं लागतं.

घूंचं म्हणाल तर आधी यूएसबी सॉकेट आणि रेग्युलेटर बंद करून ऐका. त्यांचा आवाज करकरीत असतो. गुळगुळीत घूं तसाच राहिला तर सेट टॉप बॉक्सची केबल, म्हणजे डिशवाल्यांची असते तशी जाड गोल वायर, काढून ऐका.

ताईंचा मेल

मोजलं. फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ ०.८. इस्त्रीवर दोनच व्होल्ट पडले. बल्ब पूर्ण लागला, हिरवी वायर जागेवर आहे. डाव्या स्पीकरच्या वायरी उलट्या होत्या. सरळ केल्यावर डग्गा भरला. रेग्युलेटर बंद करून फरक नाही. केबल काढली की घूं थांबतं, लावली की परत येतं. वायरमन आता म्हणतोय की अँप्लिफायरची अर्थची पिन कापूया.

उत्तर १

ताई, पिन कापू देऊ नका, काहीही झालं तरी. नवा सॉकेट चांगला आहे, म्हणूनच घूं ऐकू आलं. जुन्या सॉकेटला अर्थच नव्हता. आता अँप्लिफायर घराच्या अर्थला जोडला गेला, आणि केबलची वरची जाळी बाहेर दुसरीकडे कुठेतरी जमिनीला जोडलेली आहे. दोन जमिनींत थोडासा फरक असतोच. त्या फरकाचा प्रवाह आरसीए वायरच्या जाळीतून वाहतो आणि ५० हर्ट्झ गाण्यात मिसळतो. पिन कापली तर घूं जाईल, पण अँप्लिफायरच्या आत फेज पत्र्याला टेकला तर पत्रा जिवंत होईल.

दोन जमिनींची जोडणी तोडायची ती केबलच्या बाजूला. बॉक्समध्ये केबल शिरते तिथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन जाळीची जोडणी तोडणारा छोटा जोड, लावायचा. आपल्या केबलच्या फ्रिक्वेन्सीला चालतो ना, हे विचारूनच घ्या. बॉक्सला किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आणि अँप्लिफायरला इनपुट असेल तर आरसीए काढून ऑप्टिकल वायरच लावा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे घूं यायला वाटच उरत नाही. फक्त बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (साधा डिजिटल आवाज) निवडा, नाहीतर साध्या स्टिरिओतून काहीच ऐकू येणार नाही.