पियानोच्या नोटेशनच्या पुस्तकांचा खर्च कसा आवरावा?

मंडळी, मदत हवी आहे.

सेहेचाळिसाव्या वर्षी पियानो शिकायला घेतला. (पियानो म्हणजे 61 पट्ट्यांचा कीबोर्ड. ठाण्यातल्या वन बीएचकेत खरा कुठे ठेवणार?) दोन वर्षं झाली. क्लासच्या फीचा हिशेब आधी केला होता, पुस्तकांचा डोक्यातच आला नाही. मिस दर दोन-तीन महिन्यांनी नवं नाव सांगतात: चेर्नी झाला, बुर्गम्युलर झाला (दोघांची सरावाची पुस्तकं), आता बाखची इन्व्हेन्शन्स, म्हणजे दोन हातांच्या दोन सुरावटींचे छोटे तुकडे. प्रत्येकातले चार-पाच तुकडे वाजवायचे की पुस्तक कपाटात. गेल्या वर्षी पुस्तकांवर सात हजारांच्या वर गेले. बाखचं परदेशी छपाईचं पुस्तक दीड हजाराच्या पुढे दिसतंय आणि मला सध्या हवंय फक्त पहिलं इन्व्हेन्शन.

मित्राने आयएमएसएलपी ही जुन्या नोटेशनची साइट दाखवली, सगळं फुकट. उत्साहाने पहिलीच फाइल उतरवली, चांगल्या कागदावर छापून घेतली. ते निघालं बाखच्या हातचं 1723 सालचं हस्तलिखित! दिसायला इतकं देखणं की फ्रेम करावं. मिस हसल्या. त्यात उजव्या हाताची ओळ नेहमीच्या ट्रेबल क्लेफमध्ये नाहीच, सोप्रानो क्लेफमध्ये आहे. (क्लेफ म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता सूर ते सांगणारी सुरुवातीची खूण.) मिडल सी, म्हणजे पट्ट्यांच्या मधोमधचा सी, सगळ्यात खालच्या रेषेवर. मग दुसरी, छापील प्रत नेली. त्यातल्या निम्म्या खुणांवर मिसनी पेन्सिलने काट मारली: "हे बाखने लिहिलेलं नाही, नंतर कोणीतरी घातलंय."

तर फुकटातली कोणती प्रत विश्वासाची? आणि क्लासमधल्या एकीचं पियानोच्या ग्रेड परीक्षेचं पुस्तक झेरॉक्स केलं तर चालेल का? पुस्तकात नऊ रचना, वाजवायच्या तीन, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १

फाइल उतरवण्याआधी संपादकाचं नाव आणि साल बघत जा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांना बाखच्या मोकळ्या पानावर फोर्टे (जोरात), पियानो (हळू), स्लर (सूर जोडून वाजवा) अशा खुणा भरायची फार हौस. तुमच्या कपाटातल्या चेर्नीनेही बाख संपादित केलाय, आणि त्याच्या खुणा बाखच्या म्हणून वाजवणारे आजही भेटतात. बोटांचे आकडे (कुठल्या सुराला कोणतं बोट) मात्र त्याच्याकडून बिनधास्त घ्या, माणूस हाडाचा शिक्षक होता.

तुम्हाला हवी ती बाख-गेझेलशाफ्ट (बाख सोसायटी) आवृत्ती, बाखच्या मूळ लिखाणाला धरून असलेली, 1851 ते 1899 मध्ये निघालेली. इन्व्हेन्शन्स तिसऱ्या खंडात आहेत. बोटांचे आकडे त्यात मिळणार नाहीत, ते मिसकडून लिहून घ्या.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे रचनाकार गेल्यावर 60 वर्षांनी रचना मोकळी होते. चेर्नी 1857 ला गेला, बुर्गम्युलर 1874 ला. संगीतकार बार्टोक 1945 ला गेला, म्हणजे भारतात 2006 पासून तोही मोकळा. काबालेव्स्की 1987 ला गेला, तो विकतच घ्यावा लागेल. एक मेख आहे: रचना जुनी असली तरी नव्या आवृत्तीतलं संपादकाचं काम वेगळं धरलं जातं. त्यामुळे कालपरवा छापलेल्या पुस्तकाचं स्कॅन बाख आहे म्हणून फुकट होत नाही.

माझं विचाराल तर चेर्नी-बुर्गम्युलरवर पैसे घालवायला नको होते, आणि बाखवर मात्र घालवा. 15 इन्व्हेन्शन्स, 15 सिन्फोनिया (तीन सुरावटींचे तुकडे). पुढची दहा वर्षं ते पुस्तक कपाटात जाणार नाही.

प्रतिसाद २

परीक्षेला झेरॉक्स नेऊ नका. कॉपीराइट असलेल्या पुस्तकाची प्रत परीक्षा मंडळं चालवून घेत नाहीत. त्यापेक्षा सिलॅबसची यादी नीट वाचा. पुस्तकाबाहेरच्या रचनाही यादीत असतात, त्यात जुन्या बऱ्याच निघतात. माझ्या मुलीने तिसऱ्या ग्रेडला त्यातल्याच दोन घेतल्या.

प्रतिसाद ३

आमच्या गोव्यात इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत माझे आजोबा व्हायोलिन शिकले. तेव्हा छापील पुस्तक एकच, मेस्तांकडे (गुरुजींकडे). बाकी सगळ्यांनी पाच रेषांच्या वहीत उतरवून घ्यायचं. त्यांची वही अजून घरात आहे, शाई फुटलीय पण वाजवता येतं. पहिलं इन्व्हेन्शन जेमतेम 22 बारांचं (बार म्हणजे उभ्या रेघांमधला तालाचा एक कप्पा). छापायचं कशाला, लिहून काढा की.

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार. तिसरा खंड सापडला. हवी तेवढी दोनच पानं चार रुपयांत छापली आणि शेजारी शेजारी चिकटवली, पान उलटायची कटकट नाही. परीक्षेचं पुस्तक मुकाट्याने विकत घेतोय.

वहीचा सल्ला आधी थट्टेवारी नेला होता. काल रात्री सहज बसलो, नऊ बार उतरवून झाले. जिथे सूर जी मेजरकडे वळतात तिथला एक एफ शार्प (अर्धा सूर वर) मी इतके दिवस नॅचरलच (साधा एफ) वाजवत होतो, तो लिहिताना दिसला. शेजारच्यांनी बिचाऱ्यांनी निमूट ऐकून घेतलं.

चेर्नी आणि बुर्गम्युलर, कोऱ्यासारखे, कोणाला हवेत का? डोंबिवलीपर्यंत आणून देईन. फुकट मिळतात हे आता तुम्हालाही कळलंय, त्यामुळे किंमत सांगत नाही.