कुत्र्यांसाठी भाजीचा घरगुती खाऊ: प्रमाण सांगा, बिघाडही सांगा

पाकिटावरचे घटक वाचून घाबरलेले बरेच जण घरीच खाऊ करायला घेतात. मुंबईत गाडं अडतं ते दमटपणावर. हिवाळ्यात आठवडाभर कुरकुरीत राहणारं बिस्कीट जुलैत दोन दिवसांत मऊ पडतं आणि पाठोपाठ बुरशी येते. तेव्हा ग्रॅम, तापमान, किती दिवस टिकतं आणि नेमकं कुठे बिघडतं तेवढं लिहा. कुत्र्याची जात आणि वजनही सांगा, नाहीतर प्रमाणाला अर्थ राहत नाही. कौतुकाचे किस्से नकोत, ते सगळ्यांकडेच आहेत. आलेली उत्तरं खाली, प्रत्येकावर लिहिणाऱ्याचं ठिकाण.

मुलुंड, लॅब्रॅडॉर, 30 किलो

रताळ्याचे चिप्स. अर्धा किलो रताळी, जाड आणि सरळ निवडा, म्हणजे काप एकसारखे पडतात. साल ठेवली तरी चालते, पण माती जाईपर्यंत ब्रशने घासा. काप 5 ते 6 मिलिमीटर जाड हवेत. त्याहून पातळ झाले तर कडेने जळतात, जाड राहिले तर मध्ये ओल राहते. 20 मिनिटं पाण्यात ठेवून कोरड्या पंच्याने टिपून घ्या. ओव्हन 120 अंशांवर, काप जाळीवर सुटे, तीन तास, दीड तासाने उलटायचे. तेल, मीठ काही नाही.

घाई म्हणून 180 वर ठेवलं की बाहेरून कातडी धरते आणि आतलं पाणी आतच अडकतं. असा चिप हाताला वाळलेला लागतो, पण चौथ्या दिवशी डब्यात पांढरी लव दिसते. वाळला की नाही हे बोटाने दाबून ठरवू नका, काट्यावर ठरवा. रताळ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे 500 ग्रॅमचे 130 ते 140 ग्रॅम व्हायला हवेत. 180 भरले तर अजून तासभर.

गार करायचे ते जाळीवरच, आणि पावसाळ्यात एसी चालू असलेल्या खोलीत. ओट्यावर उघडे ठेवले तर ओव्हनने काढलेली ओल हवा परत घालते. कोमट असताना डब्यात भरू नका.

दादर, इंडी (देशी कुत्रा), 18 किलो

लाल भोपळ्याची बिस्किटं. पाव किलो भोपळा साल-बिया काढून चाळणीवर वाफवायचा, पाण्यात उकडायचा नाही. मग फडक्यात बांधून दाबून पाणी काढा. 120 ग्रॅम गर हातात यायला हवा. त्यात 150 ग्रॅम नाचणीचं पीठ, 50 ग्रॅम ओट्स मिक्सरमधून काढून, आणि एक अंडं. नाचणीला चिकटपणा नसतो, म्हणून अंडं लागतंच. अंडं नको असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात 10 मिनिटं भिजवून घाला.

बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये 5 मिलिमीटर जाड लाटा, शंकरपाळ्याच्या कातण्याने इंचभराचे तुकडे पाडा. 160 अंशांवर 35 मिनिटं, मग 100 वर आणखी 40 मिनिटं. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात आणि मग बिस्किटं लोळागोळा झाली म्हणून पीठ वाढवतात. दोष पिठाचा नसतो. तोडल्यावर कडकन आवाज आला पाहिजे.

एका घाण्यात 60 च्या आसपास होतात. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात हिवाळ्यात आठवडा, जून ते सप्टेंबर फार तर तीन दिवस. बाकीची फ्रीझरमध्ये. डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकू नका, कुत्रं पुडीच आधी फाडतं. एका बिस्किटावर बुरशी दिसली तर सगळा डबा फेका, खरवडून देऊ नका. काही बुरश्यांच्या विषाने कुत्र्याला थरथर आणि झटके येतात.

बेकिंग सोडा, गूळ, मध: तिन्हीची गरज नाही.

गिरगाव, ओव्हन नाही

वरची बिस्किटं कढईत होतात. जाड बुडाच्या कढईत किलोभर जाडं मीठ, वर स्टँड, झाकण ठेवून 10 मिनिटं तापवा. ताटलीत बिस्किटं सुटी मांडा, मंद आच, 40 मिनिटं. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब खाली पडतात. शेवटची 15 मिनिटं झाकण किंचित सरकवून ठेवा. तरीही ओव्हनइतकी कोरडी होत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

बोरिवली, बीगल, 10 किलो

चिप्स किती द्यायचे हे कोणीच लिहिलं नाही. नियम असा की दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी खाऊ 10 टक्क्यांच्या आत. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला 60. एवढ्यात कच्चं गाजर 150 ग्रॅम बसतं आणि रताळ्याचे वाळवलेले चिप्स जेमतेम 18 ग्रॅम, म्हणजे चार-पाच. वाळवल्यावर पाणी जातं, कॅलरी जात नाहीत. दादरकरांचं बिस्कीट एकेक 13 कॅलरींचं पडतं.

खादाड कुत्र्याला फरसबी उत्तम. शिरा काढा, चार मिनिटं बिनमिठाच्या पाण्यात उकळा, बर्फाच्या पाण्यात टाका, टिपा, ताटलीत सुटी गोठवून मग पिशवीत भरा. नवी भाजी एका वेळी एकच, तीन-चार दिवस शी कशी होते ते बघून पुढची.

विलेपार्ले, गोल्डन, 28 किलो

एप्रिल-मेसाठी दुधीचे गोळे. दुधी चिरल्यावर आधी स्वतः कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा टाकून द्या, तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि तो विषारी असतो. काकडीलाही हेच लागू. गोड दुधी 200 ग्रॅम वाफवून, दोन चमचे साधं दही घालून वाटा, सिलिकॉनच्या साच्यात भरून चार तास फ्रीझरमध्ये. मोठ्या कुत्र्याला छोटे चौकोन देऊ नका, न चावता गिळतो. पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवणं जास्त बरं. पीनट बटर घालणाऱ्यांनी लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात, कुत्र्याला विषारी) किंवा त्याचाच क्रमांक ई967 आहे का बघावं. असेल तर घरातल्या कुत्र्यापासून लांब.

परळ, प्राण्यांच्या दवाखान्यात काम

“फोडणीची भाजी धुऊन दिली तर चालते का” हा प्रश्न रोजचा आहे. नाही. कांदा-लसणातलं विष शिजवून, वाळवून किंवा धुऊन जात नाही. लाल रक्तपेशी फुटतात, आणि लक्षणं बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट, लघवी तांबूस, धाप. तोवर कांदा दिल्याचं घरचे विसरलेले असतात. पावभाजी मसाला, सूपचे क्यूब, तयार चटण्या, सगळ्यांत कांद्या-लसणाची पूड असू शकते. अळू आणि सुरणही नको, तोंडात खाज आणि सूज येते. हिरवट बटाटा नको. मनुका तर एकही नको. पोटात गेल्याचं कळलं की मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. आपल्या डॉक्टरांना फोन करा किंवा थेट परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठा.

मरीन लाइन्स, इंडी

पावसाळ्यात फिरायला नेताना नजर जमिनीवर. दाणे खाऊन टाकलेलं कणसाचं दांडकं आतड्यात अडकतं आणि ऑपरेशनवर जातं. घरी द्यायचे तर उकडलेले सुटे दाणे.

माहीम, शिह त्झू, 6 किलो

मुंबईच्या फ्लॅटमध्ये शिह त्झू आणि ल्हासा खूप आहेत, म्हणून सांगते. या जातींना ऑक्झलेटचे, म्हणजे काही भाज्यांतही असणाऱ्या एका क्षाराचे, मूतखडे व्हायची प्रवृत्ती असते. एकदा खडा झालेल्या कुत्र्याला रताळं, बीट, पालक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याऐवजी काकडी किंवा मटार. मुलुंडकरांचे चिप्स चिवट असतात, चपट्या तोंडाच्या कुत्र्याच्या टाळ्याला चिकटतात. अशांसाठी दादरची बिस्किटं सुपारीएवढी करा आणि देण्याआधी चमचाभर कोमट पाण्यात मऊ करा. ओली केलेली उरली तर टाकून द्या, परत डब्यात नाही.