निक ड्रेक: गाणी मोठी, की लवकर जाणं मोठं?

एरंडवणे_श्रोता
आमच्या श्रवणगटासाठी निक ड्रेक या इंग्रज गायक-गिटारवादकावर दीड तासाचं सत्र लावायचं आहे. श्रोते बहुतेक सवाईला भारतीय बैठकीत ठाण मांडून बसणारे, इंग्रजी गाणी जुजबी ऐकलेली. एका ज्येष्ठ सभासदांनी आधीच फटकारलंय: "तीन रेकॉर्डी काढल्या, एकही चालली नाही, सव्विसाव्या वर्षी गेला, आणि मग सगळ्यांना उमाळा आला. जगला असता तर कुणी विचारलं असतं का?" प्रश्न रास्त आहे. त्याची कीर्ती गाण्यांवर उभी आहे की मरणावर? आणि दीड तासात नेमकं काय वाजवावं?

सहा_तारा
मरणावर नाही. पण तिन्ही रेकॉर्डींतली ३१च्या ३१ गाणी एका तोलाची आहेत असंही नाही. माझ्या हिशेबानं दहा-बारा गाणी ही कीर्ती पेलतात, आणि ती गाणी गिटारवर उभी आहेत, शब्दांवर नाही.

'पिंक मून' (१९७२) घ्या. अकरा गाणी, जेमतेम २८ मिनिटं, ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत मुद्रित केलेली. गिटार आणि गळा, बस. शीर्षकगीतात पियानोचा एक छोटा तुकडा वरून घातलाय, तेवढीच काय ती सजावट. त्या गाण्यात गिटार नेहमीसारखी लावलेलीच नाही. जाड तारेपासून सुरुवात केली तर सी, जी, सी, एफ, सी, ई. म्हणजे सा प सा म सा ग. तीन तारा नुसत्या षड्जाच्या! दुसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), म्हणजे पट्टी पांढरी दोन. डाव्या हाताचं बोटही न लावता तारा छेडून बघा. खाली सा-प घुमत राहतात, आणि मधला मोकळा म वरच्या ग ला स्वस्थ बसू देत नाही. लोक ज्याला त्याची उदासी म्हणतात, त्यातली निम्मी त्यानं गायला तोंड उघडण्याआधीच लागलेली असते.

तारा वेगळ्या लावणं हा काही त्याचा शोध नव्हे. डेव्ही ग्रॅहम, बर्ट यान्श ही ब्रिटिश गिटारवादक मंडळी आधीपासून वाजवतच होती. फरक अंगठ्यात आहे. त्याचा अंगठा खालच्या तारांवर घड्याळासारखा चालतो, बाकीची बोटं वर वेगळंच काही विणतात, आणि गळा या दोघांनाही बांधलेला नसतो. हे तिन्ही एकाच माणसानं, एकाच वेळी, इतकं स्वच्छ करणं फार अवघड आहे.

खवचट_सदाशिव
गिटारचं मान्य. पण त्याला डोक्यावर घेतलंय ते गिटारवादक म्हणून नाही, कवी-गायक म्हणून. मग तिथे मोजा ना. शब्दांत चंद्र, नदी, पाऊस, ऋतू, झाड, पुन्हा चंद्र. गळा एकाच जोरात, एकाच अंतरावरून. 'ब्रायटर लेटर'मधल्या (१९७१) दहांपैकी तीन तर नुसत्या धुना आहेत, हॉटेलच्या लॉबीत खपून जातील अशा. 'पूअर बॉय'मध्ये मागे बायकांचा कोरस का आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. 'पिंक मून'मधल्या 'नो'मध्ये (Know, नकाराचा 'नो' नव्हे) एकच तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत घोळवलाय. त्याला साधेपणा म्हणायचं की काम अर्धवट राहिलं म्हणायचं?

आणि कीर्ती आली कशी तेही पाहा. १९७४ मध्ये गेला, १९७९ मध्ये तिन्ही रेकॉर्डींचा पेटीसंच निघाला, १९९९ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या जाहिरातीत 'पिंक मून' वाजलं आणि मग खप वाढला. 'फ्रूट ट्री' या गाण्यात मेल्यावर मिळणाऱ्या कीर्तीचा उल्लेख आहे, म्हणून त्याला भविष्यवाणीच ठरवून टाकलं. अहो, ते गाणं १९६९च्या पहिल्याच रेकॉर्डवर आहे. कॉलेजातला हुशार पोरगा असलं लिहितोच!

आपल्याकडे डी. व्ही. पलुस्करही चौतिसाव्या वर्षी गेले. पण त्यांना मोठं म्हणायला कुणी त्यांच्या जाण्याची वाट बघत बसलं नव्हतं.

मात्रा_मोजणारी
पलुस्करांचं उदाहरण इथे बसत नाही. ते मैफली गाजवत होते, ड्रेकला मंचच झेपत नव्हता. त्याचं कारण सहा_तारा यांनी अर्धं सांगितलंच आहे. जवळपास प्रत्येक गाण्याला गिटार नव्यानं लावायची, आणि ती लावेपर्यंत श्रोत्यांशी अवाक्षर बोलायचं नाही. पबमधले श्रोते तेवढा वेळ थांबतात होय? कार्यक्रम नाहीत, मुलाखती जवळपास नाहीत, मग रेकॉर्ड विकणार कोण? त्या काळचा खप हा गाण्यांचा निकाल धरू नका, आणि नंतरचा खपही धरू नका.

आता सहा_तारा यांच्या म्हणण्यालाही छेद देते. 'रिव्हर मॅन'मध्ये गिटार नेहमीच्याच सुरांत लावलेली आहे, आणि माझ्या मते तेच त्याचं सर्वांत पक्कं गाणं आहे. 'वे टू ब्लू'मध्ये तर गिटारच नाही, नुसती तंतुवाद्यं आणि गळा. म्हणजे मर्म तारा लावण्यात नाही, लयीत आहे.

'रिव्हर मॅन' पाच मात्रांत आहे. झपताल डोक्यात धरून ऐकू नका, टाळी-खालीचा हिशेब तिथे लागत नाही. पाच सारख्या मात्रा बोटांवर मोजा. गिटार आवर्तन अचूक पुरं करते, पण गाण्याची ओळ पहिल्या मात्रेवर येत नाही. ती मध्येच उचलते आणि पुढच्या आवर्तनात जाऊन टेकते. तुमच्या सवाईच्या श्रोत्यांना हे पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षकापेक्षा आधी कळेल. गळा एकाच जोरात आहे हे खरं, पण त्या गळ्याचं काम शब्द कुठे ठेवायचा हे आहे, आवाज चढवणं नाही. तंतुवाद्यांचं लेखन बरंचसं केंब्रिजचा मित्र रॉबर्ट कर्बी यानं केलं. या एका गाण्याला मात्र त्यानं हात टेकले, म्हणून हॅरी रॉबिन्सन यांना बोलावलं.

'पूअर बॉय'बद्दल खवचट_सदाशिव यांच्याशी शंभर टक्के सहमत. शब्दांबद्दल पन्नास टक्के.

एरंडवणे_श्रोता
आमच्यातला एक मुलगा 'पिंक मून'ची गिटार प्रत्यक्ष वाजवून दाखवणार आहे. सहावी तार फडफडते, दुसरी दोनदा तुटली, आणि ट्यूनर चालू असूनही काहीच दाखवत नाही.

सहा_तारा
ट्यूनर 'गिटार'वरून 'क्रोमॅटिक'वर टाका. पहिल्या प्रकारात त्याला नेहमीचे सहा सूरच ओळखता येतात.

सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार, ई वरून सी ला, म्हणजे चार अर्धस्वर उतरते. त्यात तिचा ताण ३७ टक्क्यांच्या आसपास कमी होतो, मग ती फ्रेटवर आपटणारच. ०१२ चा संच (हा आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल तर ०१३ चा घाला, ज्यात जाड तार ०५६ असते. फडफड पूर्ण जाणार नाही, पण उजवा हात हलका ठेवला तर ऐकू येणार नाही. जाड तारेवर जोर देणं हीच नवशिक्यांची नेहमीची चूक.

क्रम महत्त्वाचा. आधी सहावी उतरवा, मग पाचवी, चौथी आणि तिसरी प्रत्येकी दोन अर्धस्वर. या चार सैल झाल्या की गिटारच्या मानेवरचा ओढा कमी होतो आणि उरलेल्या दोन आपोआप किंचित चढतात. म्हणून दुसरी तार, जी बी वरून सी ला चढवायची आहे, ती शेवटी घ्या. पहिली जागीच राहते, फक्त तपासायची. मग सगळ्यांवरून दुसरा फेरा. सूर लावताना नेहमी खालून वर या. वरून खाली आलात तर खुंटीतला सैलपणा दोन मिनिटांत दगा देतो.

दुसरी तुटते कारण ती जुनी आहे. एका अर्धस्वरानं ताण १२ टक्के वाढतो, नवी तार तो हसत सोसते. पुण्याच्या पावसाळ्यात गंजलेली नाही सोसत. कॅपो फ्रेटला चिकटून लावा, आणि लावल्यावर पुन्हा सूर तपासा. फार आवळला तर जाड तार चढते.

आणखी एक. तुमच्या श्रोत्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झालेले. ट्यूनर दाखवतो तो ग स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट (अर्धस्वराचे शंभर सेंट) चढा असतो, त्यांना तो नक्की टोचेल. पहिली तार केसभर उतरवायचा मोह होईल. उतरवू नका, त्या तारेवर बोट दाबून वाजणारे सूर बेसूर होतील.

खवचट_सदाशिव
सत्राच्या क्रमाबद्दल. सुरुवातीला चरित्र सांगू नका. तो कोण, कधी गेला, काही नाही. 'रिव्हर मॅन' दोनदा लावा, पहिल्यांदा काही न सांगता आणि दुसऱ्यांदा मात्रा मोजत. मग 'वे टू ब्लू'. मग 'ब्रायटर लेटर'मधलं 'नॉर्दर्न स्काय', ज्यात जॉन केल या वादकाचा सेलेस्टा (घंट्यांसारखा वाजणारा छोटा पियानो) आहे. हे एक मीही मानतो. 'पूअर बॉय' मुद्दाम लावा, लोकांना नावं ठेवायलाही काही हवं. मुलाचं वादन त्यानंतर, आणि शेवटी 'पिंक मून' अखंड.

चरित्र ऐकायच्या आधीच त्या ज्येष्ठ सभासदांचं मत विचारून घ्या. जमलं तर कागदावर.

मात्रा_मोजणारी
आणि आईची एक-दोन गाणी ठेवा. मॉली ड्रेक पियानोवर स्वतःची गाणी म्हणायची. घरातली ध्वनिमुद्रणं आहेत, आता प्रसिद्धही झाली आहेत. मुलाच्या चालींमधली ती अनपेक्षित वळणं कुठून आली ते ऐकूनच कळतं. 'पिंक मून'च्या आधी लावा, नंतर नाही. आणि चहा त्याआधीच उरकून घ्या, ती २८ मिनिटं तोडायची नाहीत.