गेटवे ते वांद्रे किल्ला, एका दिवसात पायी

पायपीट_४२: जानेवारीत गेटवे ऑफ इंडियापासून वांद्र्याच्या किल्ल्यापर्यंत शक्य तितकं समुद्राकडेनं चालायचं आहे. रोजची सवय 7-8 किमीची. अंतर किती धरू, सुरुवात कोणत्या टोकाने करू, मधे सोडायची वेळ आली तर काय? बूट नेहमीचे जॉगिंगचेच आहेत.

गिरगावकर: बाणगंगा धरून 25 ते 27 किमी. मरीन ड्राइव्हवर ताशी 5 किमी सहज पडतात, पण पुढे सिग्नल, खोदलेले फुटपाथ आणि गर्दी यांत साडेतीनच धरा. खाणं-थांबणं मिळून नऊ तास.

सुरुवात दक्षिणेकडूनच करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेला चालताना ऊन पाठीवर येतं. शिवाय मरीन ड्राइव्हच्या इमारती पूर्वेला आहेत, म्हणून सूर्य वर आल्यावरही कठड्याच्या बाजूला बराच वेळ सावली मिळते. साडेसहाला गेटवे सोडलंत तर नरिमन पॉइंट ते चौपाटी हे 3.6 किमी त्या सावलीतच संपतील.

मलबार हिलवरच्या लाकडी निसर्गवाटेचा मोह टाळा. तिथे वेळेचं आरक्षण लागतं आणि लांब पल्ल्यात घड्याळ पाळणं जमत नाही. वाळकेश्वरहून बाणगंगा बघून वर या.

खडी_डांबर: बाणगंगेनंतर केम्प्स कॉर्नरला जाऊ नका, तिथला चौक पायी माणसासाठी नाहीच. नेपियन सी रोडने प्रियदर्शिनी पार्क गाठा. तिथून हाजी अलीपर्यंत कोस्टल रोडच्या कडेने पावणेतीन किमीचा विहारपथ आहे. एकही रस्ता ओलांडायचा नाही. पण सावली नाही आणि बाहेर पडायला फक्त भुयारी मार्ग, म्हणून पाणी आधीच भरून घ्या.

दर्ग्यात जायचं असेल तर भरतीची वेळ बघून जा, कारण मोठ्या भरतीत तिथली वाट पाण्याखाली जाते.

वरळी सीफेसवर बरेच जण फसतात. सरळ पुढे गेलं की कोळीवाडा, आणि सी लिंकवर पायी प्रवेश नाही. सीफेस संपायच्या आतच अ‍ॅनी बेझंट रोडकडे वळा. पुढे सेंचुरी बाजार, सिद्धिविनायक, शिवाजी पार्क, माहीम कॉजवे, वांद्रे. सिद्धिविनायक ते माहीम हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा. पण जेवायला दादरच बरं.

गिरगावकर: मान्य, केम्प्स कॉर्नर टाळलेलाच बरा.

सोडायचं झालं तर चौपाटीपर्यंत चर्नी रोड किंवा ग्रँट रोड, शिवाजी पार्काजवळ दादर, पुढे माहीम. रेल्वे लांब पडते ती वरळीत. तिथे मेट्रो 3 ची वरळी आणि सिद्धिविनायक स्थानकं आहेत. पाय दुखतात की नाही याचा निर्णय हाजी अलीलाच घ्या, सीफेसवर नको.

टाचदुखी: बुटांबद्दल कोणी बोललं नाही. चार-पाच तासांनी पाय सुजतात, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ती नसेल तर मलबार हिलच्या उतारावर नखं आपटून काळी पडतात. उतार लागण्याआधी नाडीची वरची दोन भोकं घट्ट आवळा, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीवर फोड येतात. सिंथेटिक मोज्यांचे दोन जोड न्या, हाजी अलीला बदला. टाचेवर चटका जाणवला की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा. पुढच्या चौकात लावू म्हटलं की फोड आलाच. मांड्या घासत असतील तर निघण्यापूर्वी व्हॅसलीन.

पाणी तासाला अर्धा लिटर, पण नुसतं पाणी नको. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू.

आणि 8 किमीवरून थेट 26 वर उडी मारू नका. आधी दोन रविवार 13 आणि 18 किमी चाला, तेही पेव्हर ब्लॉकवर. बागेतल्या मातीवरचा सराव इथे फारसा कामाला येत नाही.

पायपीट_४२: मग पहिला रविवार गेटवे ते हाजी अली. मोजे आजच घेतो.