मदत हवी आहे: खारेपाटातले फुटलेले बाहेरकाठे आणि स्टॉकहोम रेझिलियन्स सेंटरची अभ्यासपद्धत

नमस्कार मंडळी,

मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतेय, गाव अलिबाग-पेण पट्ट्यातलं. प्रबंधासाठी आमचाच खारेपाट (खाडीकाठची, बांध घालून राखलेली भातजमीन) घेतलाय आणि त्याकडे स्टॉकहोम रेझिलियन्स सेंटरच्या पद्धतीने बघायचंय. स्टॉकहोम विद्यापीठातलं हे केंद्र २००७ साली सुरू झालं. पृथ्वीच्या नऊ मर्यादा मांडणारा रॉकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांचा २००९ चा लेख इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. मला मात्र त्यांचं दुसरं काम हवंय. माणूस आणि निसर्ग ही एकच गुंतलेली व्यवस्था धरायची आणि ती धक्के कुठवर पचवते, कधी कायमची पालटते हे बघायचं. याचं मूळ परिसंस्थांचे अभ्यासक हॉलिंग यांच्या १९७३ च्या लेखात; या केंद्रात कार्ल फोल्के वगैरेंनी ते पुढे नेलं.

आमच्याकडे उधाणात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या मुख्य बांधाला, खांड गेली (तो फुटला) की खारं पाणी थेट भातात शिरतं. वेळीच बुजवली तर पुढच्या काही पावसाळ्यांत मीठ धुऊन निघतं आणि राता हे खारं सोसणारं भात किंवा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राची वाणं पुन्हा लावता येतात. नाही बुजवली तर आधी उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी तिवरांची (खारफुटीची) रोपं दिसतात, मग बांधांच्या कडेने, आणि शेवटी सातबारावर भात आणि जागेवर तिवरांचं रान. तिवर तोडायला बंदी आहे (ती असायलाच हवी), त्यामुळे शेत परत मिळवायची वाट तिथेच बंद होते. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर यायचा. आता तरुण मंडळी नोकरीला बाहेर, म्हणून खांड छोटी असतानाच बुजवणारे हात नाहीत. माझ्या मते खरा बदल इथेच झालाय, उधाण हे नुसतं निमित्त.

अडलंय ते असं. या केंद्राने अशा पालटांचा एक संग्रह केलाय, 'रिजीम शिफ्ट्स' नावाचा. भाताचं तिवरं होणं त्यात बसवता येईल का? तिवरं काही वाईट नाहीत. लाटा अडवतात, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. मग टिकाव कुणाचा मोजायचा, भाताचा, गावाचा की खाडीचा? मार्गदर्शक म्हणतात एकच निवड. मला ते पटत नाही, कारण ज्यांनी शेतात जिताडा माशाचे तलाव केले त्यांचं शेत गेलं तरी गाव टिकलं.

स्टॉकहोमला हा विषय शिकलेलं इथे कुणी असेल तर अभ्यासक्षेत्राची सीमा कशी आखता ते कृपया सांगा. गोव्यातल्या खाजन जमिनींवर (तिथला खारेपाटच) काम केलेल्यांनीही लिहा, तिथल्या मानशी (बांधातली पाण्याची दारं) आणि आमच्या उघाड्या यांची तुलना करायची आहे. आणि रायगडकरांनो, तुमच्या घरात जुन्या खारबंदिस्तीचे कागद किंवा नकाशे असतील तर फोटो चालेल, मी येऊनही बघीन.