दमा आणि न्यूमोनियाची लस: तिशीतल्यांनी का घ्यावी

'न्यूमोनियाची लस साठीनंतरची, तिशीत कशाला?' असं कुणीतरी विचारलंय. माझाही हाच प्रश्न होता. दमा शाळेपासूनचा, वय ३१, पंप कायम बॅगेत. एका पावसाळ्यात साध्या सर्दीवरून चार दिवस स्टिरॉइडच्या गोळ्यांवर काढले, तेव्हा डॉक्टरांनी विषय काढला.

वयापेक्षा फुप्फुसांची अवस्था महत्त्वाची. न्यूमोकोकस (ही लस ज्याच्याविरुद्ध आहे तो न्यूमोनियाचा जंतू) रक्तात शिरून होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका दमा असलेल्यांना साधारण दुप्पट असल्याचं २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, आणि त्यातली माणसं पन्नाशीच्या आतली होती. म्हणून २००८ मध्ये तिथल्या लसीकरण सल्लागार समितीने १९ ते ६४ वयाच्या दमेकऱ्यांना लस सुचवली. ब्रिटनमध्ये मात्र सरसकट नाही, वारंवार किंवा सतत स्टिरॉइडच्या गोळ्या लागणाऱ्यांनाच. त्यामुळे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, त्यात नवल नाही.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ही लस बाळांना मिळते. मोठ्यांनी स्वतःच्या खिशातून घ्यायची, आणि ती स्वस्त नाही.

'लशीनेच न्यूमोनिया होतो' हे मात्र साफ चूक. तिच्यात जिवंत जंतू नसतोच. माझा दंड दोन दिवस ठणकला, त्या कुशीवर झोपता येईना, बास. आणि हो, ही फक्त न्यूमोकोकसची. फ्लूची वेगळी, ती दरवर्षी. पंप यातल्या कशानेही सुटत नाही. मी एकदा सोडून पाहिलाय, तो किस्सा पुन्हा कधीतरी.