आईचे गुडघे, बोटांची पेरं आणि सुटलेलं पोट : सल्ला हवा

अमळनेरकर
आई ६७ वर्षांची. हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं. गुडघे दुखतातच, आता बोटांची पेरंही. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, पोट कमी करा. आई म्हणते, "मी काय हातांवर चालते का?" काय सांगू? (तेलं सुचवू नका, कपाट भरलंय.)

तापीकाठ
आईंचा मुद्दा बिनतोड! पण पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून आयएल-६, लेप्टिन असली रसायनं रक्तात उतरतात, अंगात बारीक दाह चालू ठेवतात आणि कूर्चेला (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) त्रास देतात. म्हणून तर लठ्ठ माणसांत बोटांची झीजही जास्त दिसते. गुडघ्यावर भार पडतो तो वेगळाच : वजन एक किलो उतरलं की दर पावलाला साधारण चार किलोंचा भार हलका होतो.
काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. आपल्याकडे बायकांना ८०, पुरुषांना ९० सेंटिमीटर ही हद्द धरतात.

बट्टीप्रेमी
गुडघ्याला पट्टा बांधा, चालणं बंद. आमच्या मामांना फरक पडला.

तापीकाठ
चालणं बंद केलं तर मांडी वाळते आणि गुडघा आणखी बोलतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'आयडिया' चाचणीत (गुडघ्याची झीज असलेल्या जाड माणसांवर केलेली) आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता व्यायाम किंवा नुसता आहार करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं होतं.

भुसावळची सून
उपास मात्र करायला लावू नका, या वयात चरबीआधी मांस झडतं. आमच्याकडे सासूबाईंची दादरची (म्हणजे ज्वारीची) भाकरी तशीच ठेवली, डाळ-ताक वाढवलं. शेवभाजीवरची तर्री काढून टाकली, बट्टीवरची तुपाची धार आखडली. त्यावरून रुसवा झालाच! "येक बट्टी कमी खा व माय" म्हणणं सोपं नाही. पलंगावर पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. एवढा व्यायाम त्या टीव्ही बघत करतात.
एक विचारू? सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात? अर्ध्या तासाच्या वर आणि पेरं सुजलेली असतील तर आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची) रक्ततपासणी करून घ्या, तो आजार निराळा. आणि दुखीच्या गोळ्या मनाने रोज नकोत, मूत्रपिंडावर येतं.

अमळनेरकर
दहा-पंधरा मिनिटं, सूज नाही. टेप लावला, ९४ भरले. बट्टीचं बोलणं बहिणीवर सोपवतो, आई माझं ऐकत नाही.